सोलापूर-गोवा 'फक्त एक तासात' असं छापू नका

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

नवी पेठेत माझं तिकीट बुकिंगचं छोटं दुकान आहे. आधी रेल्वे आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचंच काम असायचं, आता विमानाची तिकिटं पण काढून देतो. तुमचा पेपर दुकानात रोज येतो आणि बाकावर बसलेलं गिऱ्हाईक तो वाचतं, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय. मध्ये तुमच्याकडं एक चौकट छापून आली होती, सोलापूर ते गोवा अंतर ४०० किलोमीटर, प्रवास फक्त एक तास, असं मोठ्या टाइपात. ती चौकट कापून लोकं खिशात घेऊन येतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "एक तासाचं तिकीट द्या." त्यातले दोन्ही आकडे बघायला गेलं तर कुठनंतरी आलेलेच आहेत, पण ते एका प्रवासाचे नाहीत. चारशेच्या आसपासचं अंतर रस्त्याचं आहे आणि एक तास विमानाचा आहे, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला वाटतं विमान चारशे किलोमीटर जातं आणि घरातनं निघाल्यापासून तासाभरात आपण गोव्यात.

मी पण ह्यात दोषी आहे ते आधी सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले एक काका माझे जुने गिऱ्हाईक, गोव्याच्या हॉटेलांना टॉवेल आणि नॅपकिन पाठवतात. त्यांना सॅम्पल घेऊन पुढं कोकण रेल्वेनं उडुपीकडं जायचं होतं. त्यांनी विचारलं की विमानानं गेलो तर मडगावला दुपारच्या आधीची गाडी मिळेल का, आणि मी तुमच्या पेपरमधला आकडा डोक्यात ठेवून म्हणलं, काका एक तासात गोवा, आरामात मिळेल. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं, कुणाचीच काही चूक नाही. पण विमान उतरलं उत्तर गोव्यातल्या मोपाला, गाडी होती दक्षिणेत मडगावला, बॅगा येईपर्यंत वेळ गेला, टॅक्सी मिळेपर्यंत वेळ गेला आणि पुढं साठ किलोमीटरच्या वर रस्ता. काका स्टेशनात पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. परत आल्यावर दुकानात आले, रागावले नाहीत, फक्त म्हणले, "तुम्हीच म्हणला होता ना एक तास म्हणून." त्या दिवसापासून मी कुणालाही नुसता आकडा सांगत नाही, कागद घेऊन हिशोब मांडून दाखवतो. तोच हिशोब तुमच्या वाचकांपुढं यावा असं मनापासून वाटतं.

आधी अंतराचं बघू. हे कुणालाही घरी काढता येतं, दहावीतल्या पोरालाही येईल. सोलापूरचं विमानतळ होटगी रोडला, ते साधारण १७.६३ उत्तर अक्षांश आणि ७५.९३ पूर्व रेखांशावर आहे. मोपाचं मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ १५.७४ उत्तर आणि ७३.८६ पूर्व. अक्षांशातला फरक १.८९, रेखांशातला २.०७. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, त्यामुळं दक्षिणेकडं आपण २१० किलोमीटर जातो. रेखांशाचा अंश मात्र सगळीकडं सारखा नसतो, विषुववृत्तापासून वर गेलं की तो लहान होत जातो, आपल्या पट्ट्यात तो साधारण १०६-१०७ किलोमीटरचा भरतो, म्हणजे पश्चिमेकडं २२१ किलोमीटर. आता पायथागोरस लावा, २१० चा वर्ग अधिक २२१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढा, ३०५ येतं. हे झालं सरळ अंतर, पक्षी उडत गेला तर जेवढं तेवढं. पृथ्वी गोल असल्यामुळं लांबच्या प्रवासाला हे गणित चालत नाही, पण तीनशे किलोमीटरला फरक नगण्य असतो. तर विमानाचं अंतर आहे ३०५, चारशे नाही. रस्ता चारशेवर जातो कारण त्याला गावं जोडत जायचं असतं आणि शेवटी सह्याद्रीचा घाट उतरायचा असतो, मग तुम्ही विजापूर-बेळगावकडनं चोर्ल्यानं उतरा नाहीतर मिरज-कोल्हापूर करून आंबोलीनं उतरा.

विमानवाले किलोमीटर वापरतच नाहीत, ते नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो कुठनं आला तर अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग. ३०५ किलोमीटर म्हणजे १६५ नॉटिकल मैल. तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट वेग. गोव्याच्या 'फ्लाय ९१' विमान कंपनीनं ९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा सुरू केलं ते एटीआर ७२-६०० विमानानं, दोन पंख्यांचं, सत्तरेक सीटांचं. ह्या विमानाचा वरचा वेग २७५ नॉटच्या आसपास, म्हणजे तासाला ५१० किलोमीटर. १६५ ला २७५ नं भागा, ०.६ तास येतात. छत्तीस मिनिटं!

मग गिऱ्हाईक विचारतंच, छत्तीस मिनिटांचा रस्ता आहे तर तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास का छापलंय, कंपनी फसवते का? अजिबात फसवत नाही. काही जण तर मोबाईलवर २३ मिनिटं असं पण दाखवतात, ते ३०५ ला ८०० नं भागलेलं असतं, म्हणजे मोठ्या जेट विमानाचा वेग धरलेला असतो आणि विमान जमिनीवरनं एकदम वरच्या वेगातच निघतं असं गृहीत धरलेलं असतं. तसं कुठलंच विमान निघत नाही.

तिकिटावर जो वेळ असतो त्याला त्या धंद्यात ब्लॉक टाईम म्हणतात. विमानाच्या चाकापुढं ठोकळे लावलेले असतात, ते काढून विमान हललं तिथनं घड्याळ सुरू आणि दुसऱ्या गावाला विमान उभं राहून परत ठोकळे लागले की घड्याळ बंद. म्हणजे उडण्याच्या आधीचं आणि उतरल्यानंतरचं जमिनीवरचं चालणं पण त्यातच आलं. छोट्या विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जमिनीवर चालत जायची वेगळी वाट, नसते, मग विमानाला धावपट्टीवरनंच सावकाश टोकापर्यंत जायचं, तिथं वळायचं आणि मग धावायचं. दोन्ही गावांचं मिळून ह्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. मग चढाई. एटीआर चढताना पुढं जायचा वेग कमी असतो, १७०-१८० नॉटच्या आसपास, पंधरा-अठरा हजार फुटांवर पोचेपर्यंत बराचसा रस्ता होऊन गेलेला असतो हो! वरच्या वेगात ते सरळ उडतं ते मधल्या थोड्या वेळापुरतंच, की लगेच उतरायला लागतं. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटच्या वर वेग घ्यायची परवानगी नसते आणि शेवटच्या टप्प्यात तर वेग अजून निम्म्यावर आणावा लागतो. शिवाय विमान वाऱ्याकडं तोंड करून उतरवायचं असतं, त्यामुळं धावपट्टीच्या कुठल्या टोकानं यायचं हे त्या दिवशीचा वारा ठरवतो, आपण उलट्या बाजूनं आलो असलो तर वळसा घालून पलीकडं जावं लागतं, तेवढे मैल वाढले. गोव्यात तर दोन विमानतळ जवळ जवळ, त्यातलं दाभोळी हे नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर, तिथल्या आकाशात कंट्रोलवाले सांगतील त्या वाटेनं आणि सांगतील त्या उंचीनंच जायचं. हे सगळं जोडलं, थोडी मिनिटं हातची राखली, की छत्तीसचे सत्तर-पंच्याहत्तर होतात. पायलट काही रमतगमत जात नाही, तीनशे किलोमीटरच्या प्रवासात वरच्या वेगानं पळायला जागाच मिळत नाही एवढंच.

वाऱ्याबद्दल पण लोकं विचारतात, विशेषतः पावसाळ्यात, कारण जाताना आणि येताना वेळ वेगवेगळा छापलेला दिसतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडं वारा पश्चिमेकडनं असतो, गोव्याला जाताना तो समोरनं लागतो आणि सोलापूरला येताना पाठीमागनं ढकलतो. समजा २० नॉटचा वारा आहे, तर जाताना वेग २५५ आणि येताना २९५, त्यानं जाताना ३९ मिनिटं आणि येताना ३४, म्हणजे फरक पाचच मिनिटांचा. दिल्ली-लंडनसारख्या प्रवासात वाऱ्यानं तासाचा फरक पडतो, इथं नाही. पावसाळ्यात खरा प्रश्न वेगळाच असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग बसलेले असतात, कोकणात धो धो चालू असतं, खालचं दिसत नसलं की विमानाला वर घिरट्या घालत थांबावं लागतं नाहीतर दुसऱ्या विमानतळावर न्यावं लागतं, आणि हा वेळ कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो. म्हणून मी पावसाळ्यात गोव्याला जाऊन त्याच दिवशी पुढची गाडी पकडणाऱ्याला स्पष्ट सांगतो, मधे चार-पाच तास मोकळे ठेवा, नाहीतर पुढचं दुसऱ्या दिवशीचं काढा.

आता घरापासनंचं बघा, कारण माणूस विमानतळापासनं विमानतळापर्यंत प्रवास करत नाही. सोलापूरकरांचं एक बरं आहे की विमानतळ गावातच आहे, सात रस्त्यावरनं होटगी रोडला लागलं आणि आसरा चौक ओलांडला की आलंच, रिक्षानं पंधरा मिनिटं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सुख नाही. पण काउंटर बहुतेक कंपन्यांचं विमान सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं, बॅग टाकायची असली तर त्याच्याही आधी पोचायला पाहिजे, म्हणजे घरातनं पावणेदोन तास आधी निघायचं. मग विमानाचा सव्वा तास. मग मोपाला उतरून बॅग हातात यायला वीस-पंचवीस मिनिटं. इथपर्यंत झाले साडेतीन तास आणि तुम्ही अजून पेडणे तालुक्यातच आहात, पणजी तिथनं पस्तीसेक किलोमीटर, तासभर धरा, मडगाव त्याच्या पुढं, दीड-दोन तास धरा. घरापासनं पणजी साडेचार तास, मडगाव पाच-साडेपाच. ह्याच्या समोर रस्त्यानं नऊ-दहा तास, ते पण घाटात अडकला नाहीत तर. म्हणजे विमानानं निम्मा वेळ वाचतो आणि पाठ पण वाचते. हा आकडा काही लाजिरवाणा नाही हो, चांगलाच आहे, हाच छापा ना. साडेचार तासात पणजी म्हणलं तरी लोकं जातीलच, आणि पोचल्यावर म्हणतील की सांगितलं तसंच झालं.

मोपाची अजून एक गोष्ट कुणी छापत नाही. 'गोवा' म्हणलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं दाभोळी, पण मोपा गोव्याच्या पार उत्तरेला आहे, जानेवारी २०२३ पासनं तिथं विमानं चालू आहेत, आणि तिथनं महाराष्ट्राची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर. बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ला ह्या बाजूला ज्यांचे पाहुणे आहेत त्यांच्यासाठी हे विमान मडगावला जाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सोयीचं आहे. माझ्याकडं सावंतवाडीला लेक दिलेलं एक कुटुंब येतं, आई-वडील सत्तरीच्या पुढचे, आधी त्यांना दोन गाड्या बदलून रात्रभर प्रवास करायला लागायचा, आता सकाळी निघतात आणि जेवायला लेकीकडं असतात. ते म्हातारे बाबा मला शेंगा चटणीचा डबा दाखवून म्हणले की आता चटणी ताजी ताजी पोचते. ही बातमी नाही का? पण 'सोलापूर-गोवा' एवढंच छापलं की ह्या लोकांना कळतच नाही की हे विमान आपल्यासाठी आहे.

मुंबईचं पण असंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरनं मुंबई आणि बेंगळुरू सुरू केलं तेव्हा सगळ्यांनी लिहिलं की मुंबई आता एका तासावर. सरळ अंतर साधारण ३६२ किलोमीटर, रेल्वेनं तेच ४५५. जेट विमान आहे, त्यामुळं अंतर गोव्यापेक्षा जास्त असूनही तिकिटावरचा वेळ तासाच्या आसपासच. पण मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत, देशातल्या एवढ्या मोठ्या गर्दीच्या विमानतळाची सगळी विमानं एकाच पट्टीवर रांगेत, तिथं संध्याकाळी वर घिरट्या घालणं नवीन नाही. उतरल्यावर अंधेरीत काम असेल तर तुम्ही राजे, पण फोर्टात किंवा परळला दवाखान्यात जायचं असेल तर अजून एक-दीड तास. घरापासनं धरलं तर साडेचार तास होतातच. वंदे भारत साडेसहा तास घेते, १० फेब्रुवारी २०२३ पासनं चालू आहे, आणि ती थेट दादरला, सीएसएमटीला नेऊन सोडते. सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री झोपलं की सकाळी मुंबई, दिवस फुकट जात नाही. त्यामुळं मी परळला टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या पेशंटला आधी विचारतो की बसता येतं का, चालता येतं का, अपॉइंटमेंट किती वाजता आहे, आणि मग सांगतो. ज्याला साडेसहा तास बसवत नाही त्याला विमानच, तिथं पैशाचा विचार करू नका म्हणतो. ज्याला सकाळी नऊची वेळ दिली आहे त्याला सिद्धेश्वर. माझं कमिशन विमानात जास्त असलं तरी.

बेंगळुरूचं उलट आहे, सरळ अंतर ५२८ किलोमीटर, तिथं विमान खरं कामाला येतं, आयटीत असलेली आपली पोरं रेल्वेनं रात्रभर यायची ती आता दुपारी घरी असतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्यांची चौकशी माझ्याकडं दोन-दोन महिने आधी सुरू होते.

ह्यावरनं एक हिशोब माझ्या लक्षात आलाय आणि तो पुढाऱ्यांनी पण लक्षात घ्यावा असं वाटतं. एसटीत सहा किलोमीटरचा टप्पा असतो, जेवढे टप्पे तेवढा वेळ आणि तेवढे पैसे, आपल्या डोक्यात हेच गणित बसलंय. विमानात तसं नसतं. घरातनं निघणं, काउंटर, तपासणी, विमानाचं जमिनीवरचं चालणं, चढणं-उतरणं, बॅगा, शेवटचा रस्ता, हे सगळं मिळून तीन-साडेतीन तास अंतर कितीही असलं तरी जातातच, मग ते अंतर दोनशे असो नाहीतर सहाशे. म्हणून अंतर जेवढं कमी तेवढा विमानाचा फायदा कमी. मध्ये सोलापूर-कोल्हापूर विमान पाहिजे अशी मागणी वाचली. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण २०५ किलोमीटर, विमान हवेत राहणार अर्धा-पाऊण तास, आणि घरापासनं घरापर्यंत धरलं तर चार तास, तेवढ्यात माणूस आपल्या गाडीनं सांगोला-मिरज करत कोल्हापुरात पोचतो आणि मधे जेवण पण करतो. हैदराबादचं पण तसंच, २६८ किलोमीटर, हायवे चांगला आहे, रेल्वे भरपूर आहेत. कोणी ही विमानं सुरू केली तरी ती भरणार नाहीत आणि मग म्हणणार सोलापूरला प्रतिसाद नाही. त्यापेक्षा तिरुपती मागा. सरळ अंतर ५८९ किलोमीटर, आपल्या पूर्व भागात, अशोक चौक, साईबाबा चौक, कुठंही विचारा, वर्षातनं एकदा बालाजीला जाणारी घरं किती आहेत, म्हातारी माणसं घेऊन जातात. नाहीतर नागपूर मागा, ५०५ किलोमीटर, रस्त्यानं अख्खा दिवस जातो, अधिवेशनाला, कोर्टाला जाणाऱ्यांचे हाल मला माहिती आहेत. मागणी करताना आधी नकाशावर पट्टी ठेवून बघितली पाहिजे.

कुणी म्हणेल पाच-पंधरा मिनिटांसाठी एवढं कशाला. पण अंतर आणि वेळ हे विमानात नुसते माहितीचे आकडे नसतात, पैसे त्याच्यावर ठरतात. छोट्या गावांना स्वस्तात विमान मिळावं म्हणून सरकारची उडान योजना २०१६ साली आली तेव्हा साधारण ५०० किलोमीटर म्हणजे एक तासाच्या प्रवासाला २५०० रुपये असा हिशोब होता, अंतर बदललं की भाड्याची मर्यादा बदलायची. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, सरकारनं विमानभाड्याला खालची आणि वरची मर्यादा घातली ती तर सरळ वेळेवर. चाळीस मिनिटांच्या आतला प्रवास असेल तर २००० ते ६०००, चाळीस ते साठ मिनिटं असेल तर २५०० ते ७५००, पुढं तसंच वाढत जाणार. म्हणजे एखादा मार्ग ३८ मिनिटांचा धरायचा का ६५ मिनिटांचा ह्यावर माणसाच्या खिशातले हजार-दोन हजार ठरत होते. ऑगस्ट २०२२ च्या शेवटी ती मर्यादा उठली, पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा वेळ कोण मोजतो आणि कसा मोजतो हे बघायला पाहिजे.

आणि खरं सांगू का, मला काळजी वेगळीच आहे. ह्या विमानतळासाठी सोलापूरनं किती वाट बघितली ते तुम्हाला सांगायला नको. किंगफिशरचं विमान एकदा येऊन गेलं, काही दिवस चाललं आणि बंद पडलं. मग वर्षानुवर्षं नुसत्या बातम्या. विमानाच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरनं गावात दोन तट पडले, भावाभावात बोलणं बंद झालेलं मी बघितलंय, शेवटी जून २०२३ मध्ये ती चिमणी पाडली, कारखान्यावर पोट असलेल्या कामगारांच्या डोळ्यात पाणी होतं आणि दुसरीकडं लोकं म्हणत होती की आता तरी विमान येऊ दे. सप्टेंबर २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं तरी पहिलं विमान यायला पुढचा जून उजाडला. एवढं करून आलेलं विमान लोकांच्या नाराजीनं रिकामं जाऊ नये. 'एक तास' ऐकून गेलेला माणूस पाच तासांनी पोचला की तो विमानाला शिव्या देतो, परत येऊन चार जणांना सांगतो, आणि पाच तास ऐकून गेलेला माणूस साडेचार तासात पोचला की तोच चार जणांना घेऊन येतो. माझ्या दुकानात मी हे रोज बघतोय. ते टॉवेलवाले काका अजून विमानानं गेलेले नाहीत, माल ट्रान्सपोर्टनं पाठवतात आणि स्वतः ट्रॅव्हल्सनं जातात. मी दोनदा समजावलं, सगळा हिशोब लिहून दिला, ते हसून बघू म्हणतात.

तर साहेब, विनंती एवढीच आहे. विमानाची बातमी छापताना रस्त्याचं अंतर विमानाच्या नावावर टाकू नका. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर वेगळं द्या, तिकिटावरचा सुटण्या-पोचण्याचा वेळ वेगळा द्या, कुठल्या विमानतळावर उतरणार ते नावानिशी द्या, नुसतं गोवा नको. आणि शक्य असेल तर तुमच्या वार्ताहराला एकदा घड्याळ घेऊन घरापासनं पणजीच्या बसस्टँडपर्यंत पाठवा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जुलैत, आणि दोन्ही वेळचे आकडे छापा. ते कात्रण मी स्वतः काउंटरच्या काचेखाली लावीन, आणि एक झेरॉक्स त्या काकांना कारखान्यात नेऊन देईन.

आपला नियमित वाचक,
एक तिकीट बुकिंगवाला,
नवी पेठ, सोलापूर